न हलणारं टेबल

खाली बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बाबांना सांगितलं तेव्हा ते गोळ्या लिहून देत होते. मान वर न करताच म्हणाले, "मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जेवायला खुर्चीवर. आणि पडायचं तर अजिबातच नाही. या वयात पुन्हा खुबा मोडला तर माणूस परत उभा करणं फार अवघड जातं. बाकी सगळं करा." बाबा वॉकर धरून उभे होते. बाकी सगळं म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला फक्त पडण्याचं ऐकू आलं होतं. 

बाबांनी उभा जन्म शेतात काढला. विहिरीत उतरले, झाडांवर चढले, बुजलेल्या बैलांच्या आडवे गेले. आणि पडले कुठे, तर घरच्या न्हाणीत, साबणाच्या पाण्यावरून. ऑपरेशन चांगलं झालं, खुब्यात धातूचा गोळा बसला, महिनाभरात वॉकरवरून काठीवर आले. हिंगणघाटहून माझी मोठी बहीण रोज फोन करायची आणि मी रोज सांगायचो, "ताई, सुधारणा आहे." चालण्यात खरंच सुधारणा होती. बाबांमध्ये मात्र नव्हती.

आमचं गाव आंजी. आम्ही सुतार नव्हे, पण तान्हा पोळा जवळ आला की आमच्या अंगणात लाकडाच्या ढलप्यांचा सडा पडायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडची पोरं आपापले लाकडी बैल सजवून मिरवतात. त्यांना आम्ही नंदी म्हणतो. बाजारात रंगीत, चकचकीत नंदी मिळतात, पण अर्ध्या गल्लीतल्या पोरांना बाबांच्या हातचाच नंदी लागायचा. शिवणीचं लाकूड, हलकं आणि कोरायला मऊ. बाबा जमिनीवर बसायचे, दोन्ही पायांच्या तळव्यांमध्ये ओंडका दाबून धरायचे आणि वरून तासणी चालवायचे. हातांचं काम कोणालाही दिसायचं. खरं काम पाय करायचे. ओंडका फिरवायचा झाला तर पायच फिरवायचे, घट्ट धरायचा झाला तर अंगठे आत वळायचे. तासणीचं पातं त्या अंगठ्यांच्या इतक्या जवळ पडायचं की लहानपणी मी डोळे मिटून घ्यायचो, आणि बाबा मला हसायचे.

आता ते अंगठे चादरीखाली होते. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. माझी बायको चहा घेऊन जायची, "मामाजी, उठा, चहा." ते उठायचे, चहा घ्यायचे, पुन्हा भिंतीकडे वळायचे. जेवण अर्ध्यावर आलं होतं. शिवणीचा एक ओंडका आदल्या वर्षीपासून कोठ्यात वाळत पडला होता. बैल विकल्यापासून कोठा रिकामाच असतो, त्यात बाबांची हत्यारं आणि माझी हत्यारं दोन कोपऱ्यांत असतात. एकदा मी म्हणालो, "बाबा, खुर्चीवर बसून मांडीवर लाकूड घेऊन पाहता का?"

"अन् धरू कायनं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांची सरकलेली चादर पायांवर ओढली.

"माया धंदा पायाचा होता, बाबू. पाय गेला, धंदा गेला." इतकं बोलून त्यांनी कूस बदलली. रागानं बोलले असते तर बरं वाटलं असतं. ते हिशेब मिटवल्यासारखं बोलले, आणि मला मनापासून भीती वाटली. माणूस असाच जातो, भिंतीकडे बघत बघत, हे मी एका काकांच्या बाबतीत पाहिलेलं होतं.

माझं सांगायचं तर मी मुळातच घाबरट. त्यात नोकरी वर्ध्याला, विम्याच्या कचेरीत. कोण जिन्यावरून पडलं, कोण शिडीवरून, कोण नुसतं दारात उभं असताना, हेच दिवसभर वाचायचं. इतकी वर्षं हे वाचल्यावर सपाट जमीनही मला सपाट वाटत नाही. घरात शिरलो की आधी ओली फरशी शोधतो. बायको म्हणते, "अजी, तुमी घरी येता का तपासणीले येता?"

सुतारकामाचा नाद मला उशिरा लागला, आणि तोही बाबांकडून नव्हे, मोबाइलवरून. रविवारी व्हिडिओ बघायचे आणि कोठ्यात जाऊन लाकूड नासवायचं. दोन पाट, चपलांचं रॅक आणि एक चौरंग एवढी माझी कमाई. चौरंग थोडा डुगडुगतो, म्हणून त्यावर देव ठेवायला बायको तयार नाही, तुळशीजवळ दिवा ठेवते. त्या व्हिडिओंमधली माणसं मोठ्या जाडजूड टेबलाशी उभी राहून काम करतात. टेबलाला बाजूला शिकंजा असतो, त्यात लाकूड आवळायचं आणि दोन्ही हात मोकळे. पडण्याच्या आधी बाबांनी एकदा माझ्या खांद्यावरून बघून विचारलं होतं, "हे लोकं उभ्या उभ्या काऊन करून राह्यले? यायले बसता येत नाई का?" तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो.

ते टेबल बाबांसाठी करायचं, हे मला कचेरीतून येताना गाडीवर सुचलं. शिकंजा पायांचं काम करील. बाबा उभे राहतील. आनंद झाला, आणि गाव यायच्या आत भीतीही सोबत आली. काठी टाकून, दोन्ही हातांत हत्यार घेऊन उभं राहायचं म्हणजे पोट आणि कंबर त्या टेबलावर टेकणार. सगळा भार त्याच्यावर. ते जरा जरी हललं तर बाबा जाणार. डुगडुगता चौरंग करणाऱ्या माणसानं हे करायचं होतं.

ताईला सांगितलं तर ती फोनवरच तडकली. "बाबाले आराम पाह्यजे, अन् तू त्यायले उभं करून राह्यला? पडले तं?"

"नाही पडणार. टेबल मजबूत करतो."

"तुया चौरंग पाह्यला मी. विमेवाला ना तू? पडले तं भरून देशीन का?"

ती चुकीचं बोलत नव्हती. हाच प्रश्न मी स्वतःला रोज विचारत होतो, फक्त तिच्याइतक्या मोठ्यानं नाही. पण मी तिला हेही विचारलं, की ते असेच पडून राहिले तर? ती म्हणाली, "पडून हायेत तं निदान हायेत ना."

लाकूड घरातच होतं. कोठ्याचं जुनं छप्पर काढून पत्रे टाकले तेव्हा सागवानी मयाली, म्हणजे छताच्या आडव्या तुळया, बाजूला ठेवल्या होत्या. त्या वर्ध्याच्या आरा मशीनवर नेल्या. आरेवाला म्हणाला, खिळा निघाला तर पातं जाईल. मग काय, मी घरी आणून प्रत्येक मयाल इंच इंच चाचपली, टॉर्च लावून पाहिली, खिळे उपटले, पुन्हा चाचपली. परत नेली तर तो म्हणाला, "साहेब, एवढं तं पोरगी पाहाले गेल्यावर बी कोणी पाह्यत नाई." मशीन सुरू झाली आणि लाकूड कापून होईपर्यंत मी श्वास धरून उभा होतो. आतून निघालेलं सागवान इतकं पिवळं आणि नितळ होतं की क्षणभर मला भीतीचा विसर पडला.

बाबांचं माप घ्यायचं होतं. टेबलाची उंची मनगटाच्या जवळपास असावी, असं व्हिडिओत सांगतात. मी टेप घेऊन त्यांच्याजवळ गेलो आणि खुर्चीचं माप घेतोय म्हणालो. ते काठीवर उभे राहिले. त्यांनी माझं खोटं ओळखलं होतं, याची मला खात्री आहे. पण "काय करून राह्यला?" एवढंही त्यांनी विचारलं नाही. कोठ्यातून दर रविवारी करवतीचा आवाज यायचा, भिंतीपलीकडे ते ऐकत पडलेले असायचे, आणि तरी विचारायचे नाहीत. याचा मला फार त्रास व्हायचा.

पाय कापताना मी घाबरून जास्त लांब ठेवले. कमी पडले तर काय करणार? पायाच्या डोक्याला कूस, म्हणजे खुंटीसारखं टोक, काढायची, फळीला खाच पाडायची आणि कूस खाचेत ठोकून बसवायची, एवढंच काम. पण एक कूस ढिली झाली की सगळं गेलं. मी एकेक सांधा जोडून पाहायचो, काढायचो, पुन्हा पटाशी लावायचो. रविवारचं काम रविवारी संपायचं नाही आणि सोमवारी कचेरीत कोणाच्या तरी मोडलेल्या हाताचे कागद पुढे असताना मला तिसऱ्या पायाची कूस आठवायची. उन्हाळा लागला तेव्हा टेबल उभं राहिलं. चारही पाय मांडीएवढे, वर जाड फळ्या, खाली आणखी एक फळी, उजव्या अंगाला नागपूरहून आणलेला लोखंडी शिकंजा. बायको बघायला आली.

"अजी, हत्ती बांधाचा हाये का याले?"

"यावर चढ."

"मी?"

"चढ आणि हल."

ती चढली, हलली, हसत सुटली. सांधे हलले नाहीत. हललं ते सगळं टेबल. कोठ्याची जमीन शेणामातीची, वर्षानुवर्षं बैलांच्या खुरांनी खालवर झालेली. एक पाय अधांतरी राहत होता. पाचर मारली, तर दुसऱ्या दिवशी दुसरा पाय उचलला गेला. 

तेव्हा कोपऱ्यातल्या खुंट्याकडे माझी नजर गेली. बैल बांधायचा बाभळीचा खुंटा. अंगात आलेला गोऱ्हा झटके देऊन देऊन थकायचा, पण खुंटा हलायचा नाही. जे बैलानं हललं नाही ते बाबांच्या भारानं काय हलणार? आणि पाय तर मी लांब ठेवलेलेच होते. मी सब्बल, म्हणजे पहार, घेतली, चार खड्डे केले, टेबलाचे पाय त्यांत उतरवले, मुरूम भरला आणि धुमसानं ठोकून ठोकून घट्ट केला. मग टेबलाला खांदा लावून सगळ्या ताकदीनं रेटलं. कोठा हलेल, पण टेबल हलणार नाही असं वाटलं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

तरी खात्री वाटेना. मी टेबलाच्या मधोमध एक स्टीलची वाटी ठेवली. रोज रात्री ती काठोकाठ पाण्यानं भरायची. सकाळी अंघोळीच्या आधी जाऊन बघायचं, पाणी एका बाजूला झुकलंय का. बायको म्हणायची, "नमस्कार करून या, राह्यला तेवढा." सगळा उन्हाळा पाणी सरळ राहिलं. मी मात्र बाबांना आणलं नाही. आधी बायकोला ऊन फार आहे म्हणालो, मग शिकंज्याला तेल द्यायचं आहे म्हणालो, मग कडा घासायच्या राहिल्यात म्हणालो. खरं कारण एवढंच होतं की टेबल रिकामं होतं तोवर कोणी पडू शकत नव्हतं.

पावसाळा बसला आणि आठवडाभर लागून राहिला. एका सकाळी वाटीतलं पाणी एका काठावरून सांडलेलं दिसलं. मला वाटलं, मांजर असेल. पुन्हा भरलं. पुन्हा त्याच बाजूनं सांडलं. मग मी टेबलावर हात टेकला आणि भार दिला. ते हललं. फार नाही, नखाएवढं, पण हललं.

आता हे काय घडलं होतं ते आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आमची माती काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. आंजीतल्या कितीतरी भिंतींना त्यापायी तडे आहेत, त्यात आमच्याही भिंती आल्या. पाणी पाझरून एका अंगाची माती फुगली होती आणि तिनं त्या अंगाचे दोन पाय वर उचलले होते. आणि खुंटा? खुंटा हलायचा नाही, कारण दर पावसाळ्यानंतर बाबा तो उपटून पुन्हा रोवायचे. ते काम मी दरवर्षी पाहिलेलं होतं. पडण्याच्या भीतीनं मला एवढं घेरलं होतं की खुंट्याचं घट्टपणच तेवढं आठवलं.

मी तसाच टेबलाला धरून उभा होतो, हलवत होतो, पुन्हा हलवत होतो. मागे काठीचा आवाज आला. बाबा कोठ्याच्या दारात उभे होते. पडल्यापासून पहिल्यांदा, कोणी न बोलावता, एकटे, ओलं अंगण ओलांडून. चेहऱ्यावर किती दिवसांनी काहीतरी विचारायची इच्छा दिसत होती.

"झालं का?" त्यांनी विचारलं, आणि टेबलाकडे हात करत आत पाऊल टाकलं.

"आत येऊ नका!" मी ओरडलो. केवढ्यानं ओरडलो ते मला बायको स्वयंपाकघरातून धावत आली तेव्हा कळलं. "हात लावू नका त्याला! हलतं ते!"

बाबा थांबले. माझ्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, मग हळूच वळले. बायकोनं हात दिला तो त्यांनी घेतला नाही. खोलीत जाऊन पलंगावर आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून. ज्या एका प्रश्नाची मी उन्हाळाभर वाट पाहिली, तो विचारायला ते स्वतःच्या पायांनी आले आणि मी त्यांना असं परत पाठवलं. मला रडू आलं. मी कोठ्यातच रडलो, सब्बल हातात घेऊन.

टेबल उपटायला दोन गडी बोलवावे लागले. पायांच्या गाडलेल्या टोकांवर उधईनं, म्हणजे वाळवीनं, मातीच्या रेघा चढवायला सुरुवात केली होती. आणखी एक पावसाळा गेला असता तर आतून पोखरलं असतं आणि वरून मला काही दिसलंही नसतं.  गाडलेला भाग मी कापून टाकला. जुन्या बैलगाडीच्या बाभळीच्या दांड्या कापून पायांखाली आडव्या बसवल्या, म्हणजे भार चार टोकांवर न पडता लांब लाकडावर पसरेल. खालची माती उकरून मुरूम दाबला, त्यावर शहाबादी फरशी टाकली, दांड्यांखाली पाचरी मारून टेबल नुसतं वर ठेवलं. खालच्या फळीवर वाळूची पोती रचली. जमीन आता फुगली तरी पाचर सैल करून सारखं करता येणार होतं. आता ते गाडलेलं नव्हतं, पण जड होतं. मी खांदा लावला. हललं नाही. पण माझा आता माझ्या खांद्यावर विश्वास उरला नव्हता.

पोळा तोंडावर आला. गल्लीतल्या एका आईनं बायकोला विचारलं, यंदा बाबाजी नंदी करणार आहेत का, नाहीतर बाजारातून आणतो. बायकोनं ते मला मुद्दाम बाबांच्या खोलीच्या दारात उभं राहून सांगितलं. 

मी आत गेलो. "बाबा, टेबल पुन्हा बसवलं."

"आयकू आलं मले."

"येता का?"

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. "वरडशीन का आज?"

"नाही."

"चाल मंग."

बाबांनी टेबलावर आधी एक तळहात ठेवला. मग दुसरा. मग नवा बैल घेताना त्याच्या पाठीवर भार देऊन बघावा तसा भार दिला. मी त्यांच्या मागे उभा होतो, दोन्ही हात त्यांच्या बरगड्यांच्या बाजूला, न टेकवता. त्यांनी काठी टेबलाला लावून ठेवली तेव्हा माझे हात आणखी जवळ सरकले. शिवणीचा ओंडका मी शिकंज्यात धरला, त्यांनी दांडा फिरवून आवळला, उलटा फिरवून सोडला, पुन्हा आवळला. हे त्यांनी इतक्या वेळा केलं की मला वाटलं, आज एवढंच होईल.

मग त्यांनी तासणी मागितली. उभ्यानं ती चालेना. घाव भलतीकडे पडायचा. त्यांनी एक कचकचीत शिवी दिली, बहुधा शिकंज्याला, आणि पटाशी घेतली. ठोकणीचे दोन घाव घातले. तिसऱ्याला पटाशी घसरली, त्यांचा खांदा किंचित पुढे गेला आणि मी दोन्ही हातांनी त्यांना धरलं.

बाबांनी पटाशी खाली ठेवली. "सोड."

मी सोडलं.

"बाहेर जाय."

"बाबा, मी नुसता उभा राहतो."

"तू नुसता उभा नाई राहत. तुया श्वास मले मानेवर लागून राह्यला. माया जीव लाकडात नाई, तुयात हाये, हा धरते का नाई धरत. असा मी शंभर टक्के पडन." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "पडलो तं आवाज देईन ना. मुका हाये का मी?"

बाहेर पडायला मला फार वेळ लागला. दारात एकदा थांबलो तर म्हणाले, "अजून इथंच हायेस." मी अंगण ओलांडून समोरच्या ओट्यावर जाऊन बसलो. तिथून कोठ्याचं दार दिसत होतं, बाबा दिसत नव्हते. आतून ठकठक ऐकू येऊ लागली. दोन ठोके, थांबणं, एक ठोका, थांबणं. प्रत्येक थांबण्याला मी उठायला बघायचो. बायको दारात आली, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या शेजारी बसली.

तेवढ्यात ताईचा फोन आला.

"बाबा काय करून राह्यले?"

"कोठ्यात आहेत. टेबलाशी."

"उभे?" तिचा आवाज चढला. "अन् जोळ कोन हाये?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "कोणी नाही," मी म्हणालो. "त्यांनी मला बाहेर काढलं."

 आणि नेमकी त्याच वेळी ठकठक थांबली. मी उठून उभा राहिलो. बायकोनं माझ्या सदऱ्याचं टोक धरलं. आत काहीही वाजत नव्हतं, लाकूड नाही, काठी नाही, खोकला नाही. मी कानावरचा फोन काढला आणि हात लांब करून कोठ्याच्या दाराकडे धरला. का ते मला सांगता येणार नाही. ती शांतता एकट्यानं ऐकण्याची हिंमत माझ्यात नव्हती, एवढंच. ती हिंगणघाटला आणि आम्ही इथं ओट्यावर, तिघंही ऐकत राहिलो.

मग शिकंज्याचा दांडा फिरल्याचा कर्र आवाज आला. बाबा ओंडका फिरवून घेत होते. दांडा आवळला गेला आणि पटाशीवर ठोका पडला. मग दुसरा, मग तिसरा, आता न थांबता.

मी खाली बसलो, फोन कानाला लावला. ताई रडत होती.

"बरं, ठेवू का आता?" मी विचारलं.

"नोको ठिवू," ती म्हणाली. "तिकडंच धरून ठेव."